चेर्नोबिल आणि मुंबईतलं लोणी

चेर्नोबिलच्या अपघातानंतर (1986) मुंबईत आलेल्या आयरिश लोण्यात किरणोत्सार असल्याच्या शंकेवरून डॉ. शिवराव वागळे आणि इतर सुप्रीम कोर्टात गेले होते. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खायला सुरक्षित ठरलं.

डोसचा हिशोब असा: समजा, लोण्यात किलोमागे सीझियम-137 चे 10 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहेत. कुणी वर्षात 10 किलो लोणी खाल्लं, तर पोटात गेले 100 बेकरेल. प्रौढासाठी त्याला 0.013 ने (दर बेकरेलमागे मायक्रोसिव्हर्ट) गुणा: डोस आला 1.3 मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातून मिळणाऱ्या डोसची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2,400 मायक्रोसिव्हर्ट!

खरी मेख आहारात आहे. आयोडीन-131 दुधातून येतं आणि थायरॉइडमध्ये साचतं; मुलांची थायरॉइड ग्रंथी लहान, म्हणून त्यांचा हिशोब वेगळाच करावा लागतो. अन्नातल्या किरणोत्साराची बातमी वाचलीत, तर आधी विचारा: किती बेकरेल, आणि खाणारं कोण?