गिअर लिव्हरची खडखड: आधी शोधा, मग गप्प करा

(या भागाचं लिखित रूप. गाडीखाली वाकलेलं असताना ऑडिओ मागे-पुढे करणं अवघड जातं, म्हणून पायऱ्या जरा नीट लावून दिल्या आहेत.)

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. फोर बाय फोर गाडी आहे, इंजिन ठणठणीत आहे, टायर नवे आहेत, आणि तरी चालवताना गिअर लिव्हरच्या आसपास सतत खर्रर्र... खर्रर्र... वाजतंय. गाणी लावली तरी ऐकू येतं, काचा वर केल्या की जास्तच ऐकू येतं. मग कोणीतरी म्हणतं, 'अरे, ऑफ-रोड गाडी आहे, वाजणारच!'

वाजणारच हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की बहुतेक खडखड दहा-वीस रुपयांच्या रबराने थांबते, पण थोडी खडखड गिअरबॉक्सने दिलेली सूचना असते. ती सूचना फोम कोंबून बंद केली तर पुढे महागात पडू शकतं. आज या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते बघू.

आवाज येतोच का?

गिअर लिव्हर म्हणजे काय, तर खाली एका गोल सांध्यावर टेकलेला लांब दांडा, वर जड नॉब. सांध्यात नायलॉनचं किंवा प्लॅस्टिकचं बुश असतं आणि बहुतेक वेळा दाबून धरणारी एक स्प्रिंग. बुश झिजलं किंवा स्प्रिंग सैल पडली की सांध्यात प्ले येतो. त्या फटीत धातू धातूवर आपटायला लागतो, तीच आपली खडखड.

आता थोडं गणित. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे सेकंदाला ६० धक्के. आयडलला, ८०० आरपीएमला, हेच धक्के साधारण २७ असतात. प्रत्येक दांड्याची स्वतःची एक आवडती थरथर असते. इंजिनाचे धक्के त्या आकड्याजवळ गेले की दांडा नाचायला लागतो. म्हणून आवाज १८०० ते २००० मध्ये येतो आणि २३०० ला गायब होतो. 'कधी वाजतं, कधी वाजत नाही' हे वागणं बघून लोक वैतागतात, पण शोधायला तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

यावरून अजून एक गोष्ट कळते. जड नॉब लावला की आवाज गेला, असं बरेच जण सांगतात. नॉबचं वजन वाढलं की दांड्याची ती आवडती थरथर खालच्या आकड्यावर सरकते. आवाज कधी खरंच जातो, कधी नुसता दुसऱ्या आरपीएमवर राहायला जातो.

फोर बाय फोरमध्येच जास्त का?

कारण दांडे जास्त! साध्या कारला एक लिव्हर. थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी यांना ट्रान्स्फर केसचा दुसरा लिव्हर असतो. तो टू-व्हील, फोर-हाय आणि फोर-लो बदलतो. वापर महिन्यातून एकदा, पण थरथर रोजची.

ही तक्रार नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. त्याच विलीजच्या जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडायला घेतल्या. त्या जीपला जमिनीवर तीन दांडे असायचे: एक गिअरचा, एक पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा, एक हाय-लोचा. ट्रान्स्फर केसचे दोन दांडे शेजारी शेजारी असल्याने खुळखुळायचे, म्हणून त्यांच्यामध्ये प्ले खाऊन टाकणारी एक छोटी स्प्रिंगच दिलेली होती. जुन्या जीपवाल्यांना विचारा, ती स्प्रिंग हरवली की जीप भाजीच्या टेम्पोसारखी वाजते. म्हणजे खडखडीवरचा उपाय डिझाइनमध्येच होता, आणि तो सांध्यापाशी होता, वरच्या नॉबपाशी नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुण्यात तर या विषयाची मोठी प्रयोगशाळाच आहे. वेताळ टेकडीवरची एआरएआय, १९६६ सालची संस्था. तिथे एनव्हीएच, म्हणजे आवाज, थरथर आणि खडबडीतपणा, या एकाच गोष्टीसाठी वेगळा विभाग आहे. आपल्याकडे तसले सेन्सर नाहीत. पण खिशात फोन आहे, तेवढा पुरतो.

पायरी १: चार चाचण्या

कोड डीबग करताना आपण काय करतो? आधी बग पुन्हा घडवून बघतो. इथेही तसंच.

पहिली चाचणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल. हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत आवाज येत असेल तर तो इंजिनाच्या थरथरीचा. फक्त खड्ड्यात येत असेल तर कन्सोल, रबरी बूट किंवा त्याची रिंग सैल असण्याची शक्यता जास्त.

दुसरी. आवाज चालू असताना एका बोटाने नॉबला हलकेच स्पर्श करा. थांबला तर तोच लिव्हर. नाही थांबला तर फोर बाय फोरच्या लिव्हरला बोट लावा, मग कन्सोलच्या कडेला, मग बूटाच्या रिंगला. बहुतेक गुन्हेगार इथेच सापडतात.

तिसरी, आणि ही कोणी करत नाही. न्यूट्रलमध्ये आवाज येत असताना क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबताच आवाज गेला तर तो लिव्हरचा नसून गिअरबॉक्सच्या आतला असण्याची दाट शक्यता आहे, कारण क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो. तिथे रबराचा काही उपयोग नाही. थेट मेकॅनिककडे.

चौथी फोनची. स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा आणि कोणालातरी लिव्हरचं शूटिंग करायला सांगा. सेकंदाला ६० वेळा हलणारा दांडा प्रत्येक हेलकाव्याला चार फ्रेममध्ये दिसतो. कोणता दांडा नाचतोय, आणि कन्सोलच्या खाचेला कुठे टेकतोय, ते डोळ्यांना दिसतं.

कात्रजला राहणाऱ्यांना चालत्या गाडीची चाचणीही घराजवळ करता येते. कात्रज चौकातून जुन्या घाटाने जुन्या बोगद्यापर्यंतचा चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर लोड येतो आणि आरपीएम बऱ्यापैकी एका जागी राहतो. रविवारी सकाळी लवकर जा, आणि शूटिंग शेजारी बसलेल्याने करायचं. वळणं आहेत, एसटी आहेत, सायकलवाले आहेत. ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही.

पायरी २: स्वस्तापासून महागाकडे

इंजिन बंद, गाडी गार, चाकाखाली वीट. कन्सोल उघडताना प्रत्येक स्क्रूचा फोटो काढा आणि स्क्रू डबीत ठेवा. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा चाचणी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

नॉब. हाताने फिरवून बघा. सैल असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे किंवा निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब. लाल थ्रेडलॉकर नको, पुन्हा नॉब निघणार नाही.

रिव्हर्सची रिंग. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर तीच खुळखुळते. आत पातळ ओ-रिंग बसवा, पण रिंग पूर्ण वर-खाली होते का ते तपासा.

बूट आणि कन्सोल. प्लॅस्टिक जिथे प्लॅस्टिकला घासतं तिथे फेल्टची पट्टी. लिव्हर खाचेच्या कडेला टेकत असेल तर कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिरून बसवा.

लिंकेज. फोर बाय फोरचा लिव्हर जिथे पट्टीला किंवा रॉडला जोडलेला असतो, तिथली पिन आणि वॉशर बघा. पिन बारीक झालेली असेल तर नवी घाला, आणि वेव्ह वॉशर घातला की प्ले जातो.

बुश. शेवटी सांध्याचं बुश. जुन्या गाड्यांची बुशं नाना पेठेत सहसा मिळतात. जुनं बुश सोबत घेऊन जा, नुसतं गाडीचं नाव सांगून काम होत नाही. नवीन बसवताना ग्रीस लावा.

एका मित्राच्या जुन्या फोर बाय फोरवर आम्ही नेमकं हेच केलं. त्याला खात्री होती की नॉब वाजतोय. बोट लावलं तर नॉब गप्प, आवाज चालूच. स्लो मोशनमध्ये दिसलं की फोर बाय फोरचा लिव्हर कन्सोलच्या पत्र्याला सेकंदाला कितीतरी वेळा टकरा देतोय. पिन झिजली होती. नवी पिन, दोन वॉशर, पत्र्याच्या कडेला ट्यूबचा तुकडा. खर्च दोघांच्या मिसळीपेक्षा कमी.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच उघडू नका. व्हिडिओ काढा, कोणत्या आरपीएमला वाजतं ते लिहा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. 'आवाज येतो' यापेक्षा 'तिसऱ्यात १९०० ला येतो, बोट लावलं की थांबतो' ही तक्रार टाळणं अवघड जातं.

काय करायचं नाही

बूटाखाली फोम कोंबू नका. लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये पूर्ण आत गेलाच पाहिजे. फोममुळे तो थोडासा अलीकडे अडला तर गिअर अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला गिअर लोड बदलला की सुटतो. शिवाय खाली एक्झॉस्टची उष्णता असते.

झिप-टाय किंवा रबर बँडने लिव्हर एका बाजूला ओढून ठेवू नका. आवाज जातो, पण तो ताण आत शिफ्ट फोर्कवर जातो आणि फोर्क झिजतो. नॉबवर हात ठेवून गाडी चालवायची सवयही याच कारणासाठी वाईट. मग जीपच्या त्या स्प्रिंगचं काय? ती सांध्यातला मोकळेपणा काढायला बनवलेली होती, दांड्याला गिअरच्या दिशेने ओढायला नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. खडखडीसोबत पुढचं काही दिसत असेल तर घरगुती उपाय बंद: ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर लिव्हर पुढे-मागे झटका मारतो, गिअर आपोआप सुटतो, किंवा गिअर टाकताना आतून कर्रर्र येतं. झटका असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग गेलेलं असू शकतं. गिअर सुटत असेल तर दोष आत आहे.

हे इतकं ठासून सांगतोय कारण आपण कुठे राहतो ते बघा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकच्या अपघातात अनेक गाड्यांचं नुकसान झालं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, असं तिथे कायम सांगितलं जातं, कारण इंजिन ब्रेकिंग गेलं की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. तुमचा गिअर उतारावर स्वतःहून सुटला, तर तुम्ही न मागता न्यूट्रलमध्ये आहात. मागे सामान, आत चार माणसं, पुढे वाहतूक. तिथे फोमखाली दडपलेली ती खडखड आठवून काही उपयोग नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा: चाचणी, मग रबर, मग बुश, आणि वरची तीनपैकी एकही लक्षणं दिसली तर सरळ गॅरेज.

तुमच्या गाडीतला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: कोणता गिअर, किती आरपीएम, आणि बोट लावल्यावर थांबतो का. निवडक आवाज पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू आणि मिळून शोधू. भेटूया, गाडी जपून चालवा!