सिनेटची बिरुदं, छावणीतली नावं

प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात रोमन पुरुषांच्या नेहमीच्या वापरात पहिली नावं होती जेमतेम दीड डझन. बाप मार्कस, थोरला मुलगा मार्कस, कुळाचं नाव तर सगळ्यांचं एकच. ओळख पटायची ती तिसऱ्या नावाने, आणि तेही वंशपरंपरेने चालू लागलं की चौथ्याने. हे चौथं नाव, आग्नोमेन, कर्तबगारीने मिळे, नाहीतर फजितीने.

इ.स.पू. 202 मध्ये आफ्रिकेतल्या झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणारा स्किपिओ ‘आफ्रिकानुस’ झाला. हे नाव शिपायांच्या प्रेमातून आलं, जनतेच्या कौतुकातून की घरच्या खुशामतीतून, हे इतिहासकार लिव्हीलाही ठरवता आलं नव्हतं. पण जिंकलेल्या मुलखाचं नाव मिरवण्याची हाव तिथून वाढली. धाकटा भाऊ लुसियस पुढे ‘आसियाटिकुस’ झाला! हॅनिबलशी समोरासमोर लढाई टाळत राहिलेल्या फाबियसला मात्र ‘कुंक्टाटोर’, म्हणजे चालढकल्या, हे नाव चिकटलं. कॅनीच्या मैदानात रोमन सैन्य कापलं गेल्यावर तीच चालढकल शहाणपणाची ठरली. ओठावरच्या चामखिळीमुळे त्याला ‘वेरुकोसुस’ही म्हणत, ते वेगळंच.

सर्वांत मासलेवाईक नाव ‘क्रेटिकुस’. क्लिओपात्राच्या अँटनीचा बाप क्रीटच्या लोकांकडून मार खाऊन बसला, तेव्हा हे नाव त्याला थट्टेने पडलं, असं सहसा मानलं जातं. काही वर्षांनी मेटेलसने ते बेट खरोखर जिंकलं आणि तेच नाव सन्मानाने मिळवलं.

छावणीला टोपणनाव द्यायला सिनेटच्या ठरावाची गरज नसे. लुसिलियस नावाचा सेंच्युरियन शिपायांच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडेपर्यंत मारी आणि लगेच दुसरी मागवी. त्याचं नावच पडलं ‘दुसरी आण’. इ.स. 14 च्या बंडात शिपायांनी त्याला ठार केलं. छोट्या गायसला लष्करी जोडे घालून छावणीत फिरवत, म्हणून तो ‘कालिगुला’, म्हणजे बुटुकला बूट. सम्राट झाल्यावर हे नाव उच्चारणाऱ्या सेंच्युरियनला त्याने शिक्षा केली, असं सेनेका लिहितो.

पुढे सम्राट बिरुदांची रांग लावू लागले. कॅराकॅलाच्या जर्मानिकुस, पार्थिकुस या बिरुदांत ‘गेटिकुस माक्सिमुस’ही जोडा, असं माजी सम्राट पर्टिनॅक्सचा मुलगा म्हणाल्याची कथा आहे. गेटी नावाची जमात होती खरी. पण गेटा हा कॅराकॅलाचा सख्खा भाऊ, आणि इ.स. 211 मध्ये त्याला कॅराकॅलानेच मारवलं होतं. हा विनोद मुलाच्या जिवावर बेतला म्हणतात. ‘कॅराकॅला’ हेही टोपणनावच, अंगातल्या गॉलिश झग्यावरून पडलेलं.