सीडी-फोर: एका आकड्याचा प्रवास

1979मध्ये बोस्टनच्या एलिस रेनहर्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन यांनी सहकाऱ्यांसह एक प्रतिपिंड वापरून रक्तातल्या टी पेशींचे गट वेगळे केले. प्रतिपिंड ज्यांना चिकटलं त्या मदतनीस पेशी, इतर पेशींना कामाला लावणाऱ्या. त्यांच्या पृष्ठभागावरचं ते प्रथिन म्हणजे सीडी-फोर. दुसऱ्या पेशीने जंतूचा तुकडा समोर धरला की तो इशारा टी पेशीच्या आत पोचवायला ते हातभार लावतं. एरवी ते पाठ्यपुस्तकातच राहिलं असतं.

दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये मायकेल गॉटलिब यांच्याकडे फुफ्फुसांच्या दुर्मीळ संसर्गाने खंगलेले तरुण आले. या नव्या प्रतिपिंडांनी रक्त तपासलं, तर मदतनीस पेशी जवळपास संपलेल्या! 1984च्या अखेरीस लंडन आणि पॅरिसच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की एड्सचा विषाणू सीडी-फोरलाच धरून पेशीत शिरतो. मग रक्तात सुटं सीडी-फोर सोडून विषाणूला चकवायची कल्पना निघाली. प्रयोगशाळेत वाढवलेले विषाणू चकले, रुग्णांच्या अंगातले नाहीत. पेशीत शिरायला सीसीआर-फाइव्ह नावाचं आणखी एक प्रथिन लागतं, हे कळायला 1996 उजाडलं.

तोवर सीडी-फोर हा रिपोर्टातला आकडा झाला होता. मदतनीस पेशींची ही मोजणी, निरोगी माणसात रक्ताच्या घनमिलिमीटरला साधारण पाचशे ते पंधराशे. एप्रिल 2004मध्ये मुंबईच्या जे. जे.सह काही सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा लक्षणं नसलेल्यांसाठी अट होती दोनशेच्या खाली येण्याची. ‘किती आला?’ हा ओपीडीच्या रांगेतला प्रश्न. अडीचशे आला तर औषध नाही. म्हणजे आणखी खालावण्याची वाट पाहायची. औषधांचे दुष्परिणाम आणि तुटवडा यांतून आलेली ही रेघ, पण शरीराचा नियमच असावा तशी ती सांगितली जाई. मला हे आजही खटकतं. जागतिक आरोग्य संघटनेने ती 2010मध्ये साडेतीनशेवर नेली, 2013मध्ये पाचशेवर, 2015मध्ये पुसूनच टाकली. भारताने 2017मध्ये तेच केलं.

आता औषध लागू पडतंय का, हे विषाणूंच्या मोजणीवरून ठरतं. सीडी-फोर पाहतात ते मुख्यतः नव्या आणि उपचार सोडून परतलेल्या रुग्णांत. तो दोनशेच्या खाली असला, तर क्षयरोग आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी बुरशी आधी शोधायची. असे उशिरा येणारे रुग्ण अजूनही आहेत.