आधी वास, मग आवाज

फितीचा डबा उघडला की तो आधी नाकाशी न्यायचा, हा जुनी ध्वनिमुद्रणं जपण्याच्या कामातला पहिला धडा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेटची फीत कुजायला लागलेली असते. तिला रांग मोडून पुढे घेतात. वास नसला तर रीळ उजेडासमोर धरायचं. ॲसिटेटमधून उजेड झिरपतो, पॉलिएस्टर काळं दिसतं. ही पारख चुकवून चालत नाही. पॉलिएस्टरच्या काही फिती चिकट होतात आणि यंत्रावर किंचाळत चालतात. त्यांना मंद उष्णतेत तासन् तास ठेवून तात्पुरतं ताळ्यावर आणता येतं. तोच उपाय ॲसिटेटवर केला तर फीत गेलीच.

अशाच फिती जपणाऱ्या, गुरुग्राममधल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहामागचा मूळ प्रश्न सोपा होता. परदेशी अभ्यासक इथे येत, गावोगावची गाणी टेपवर भरून घेत आणि फिती आपापल्या विद्यापीठांत नेत. गाणारा इथे, गाणं तिकडे. संगीत-अभ्यासक नझीर जयराजभॉय यांच्या पुढाकारानं १९८२मध्ये हा संग्रह सुरू झाला तो पुण्यात. मग त्यानं दिल्लीची आणि पुढे गुरुग्रामची वाट धरली. अभ्यासकांनी मुद्रणं इथे ठेवायची आणि परदेशातल्या जुन्या संग्रहांच्या प्रती परत आणायच्या, असं ठरलं.

फितीची डिजिटल प्रत करताना यंत्रापाशी सगळ्यात जास्त कसब लागतं ते फीत वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवण्यात. गावात ज्या टेपरेकॉर्डरवर फीत भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर इथलंही तेवढंच तिरकं करायचं. स्क्रू केसभर फिरला की बोथट झांज एकदम खणखणीत वाजते. पुढे घाई करता येत नाही. तासाच्या फितीला तासच लागतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची मूळ प्रत जशीच्या तशी ठेवतात. मध्येच भुंकलेलं कुत्रं, कुणाचा खोकला, ‘चालू झालं का?’ असं विचारणारा बाप्या, काही पुसायचं नाही. साफसफाई करायचीच तर वेगळ्या प्रतीवर.

तरी मला फितीपेक्षा अभ्यासकाची वही मोलाची वाटते. गाव, तारीख, गाणाऱ्याचं नाव नसेल तर उत्तम मुद्रणही मुकंच. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८मध्ये दक्षिणेत केलेली मुद्रणं घेऊन जयराजभॉय आणि त्यांच्या सहकारी एमी कॅटलिन १९८४मध्ये त्याच गावांत गेले, ते अशा नोंदींच्या आधारानंच. जुने कलावंत, नाहीतर त्यांची पुढची पिढी शोधून त्यांनी ती ऐकवली.

फीत वाचली तरी ती कुणाची, हा प्रश्न उरतोच. अभ्यासकानं संग्रहाला मुद्रण दिलं म्हणून गाण्यावरचा गायकाचा हक्क संपत नाही. पश्चिम राजस्थान आणि गोव्यातल्या कलावंतांना सोबत घेऊन या संग्रहानं पुढे काम केलं, ते मला म्हणूनच डिजिटल प्रतींइतकं महत्त्वाचं वाटतं.