मेंदूतील रक्ताचा अजमास

मेंदूतील रक्तवाहिनी फुटलेल्या रोग्याला मंठ्याहून किंवा भोकरदनहून जालन्यास आणले आणि त्याच्या मस्तकाचा सीटी स्कॅन निघाला, की नातलगांना दोनच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात: माणूस जगेल काय, आणि जगला तर हातीपायी धड राहील काय. त्या चित्रापाशी या प्रश्नांचे काही उत्तर असते खरे. परंतु ते कोणत्या प्रतीचे आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, याचा उलगडा क्वचितच कोणी करून देतो.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विंबल्डनच्या रुग्णालयात कवटी न उघडता पहिल्या रोग्याचा मेंदू दाखविला, तोवर रक्त किती व नेमके कोठे साठले, हे डॉक्टरांना बव्हंशी लक्षणांवरून ताडावे लागे. ताजे रक्त मेंदूपेक्षा क्ष-किरणांना अधिक अडविते, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर ते पांढरे उमटते. त्याची मोजणी तलाठ्याच्या हिशेबाहून अवघड नाही: ज्या छेदात डाग सर्वांत मोठा, त्यातील लांबी समजा 5 सेंटीमीटर, तिला काटकोनात रुंदी 4, आणि डाग जितक्या छेदांत दिसतो त्यावरून निघालेली उंची 3, गुणाकार 60, त्याचे निम्मे 30 मिलिलिटर.

हा 30 चा आकडा सीमेवरचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. हेम्फिल यांनी 2001 साली जो तक्ता प्रसिद्ध केला, त्यात 30 वा अधिक मिलिलिटर रक्तास 1 गुण, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरल्यास 1, ते लहान मेंदूत वा मस्तिष्कस्तंभात असल्यास 1, वय 80 वा अधिक असल्यास 1, आणि शुद्ध हरपल्याच्या प्रमाणात 0 ते 2 गुण धरले आहेत. त्यांच्या 152 रोग्यांपैकी शून्य गुणांचा एकही रोगी महिन्याभरात दगावला नाही. 2 गुणांच्या गटात 26 टक्के, तर 3 गुणांच्या गटात 72 टक्के दगावले.

मात्र गावाची पैसेवारी पन्नासाच्या आत निघाली, तरी विहिरीकाठच्या एखाद्या रानात पीक उभे असतेच. तद्वत 72 हा आकडा गटाचा असतो, समोरच्या रोग्याचा नव्हे. शिवाय ज्यांची आशा सुटली त्यांचे उपचार आवरते घेतले जातात, ते दगावतात, आणि भाकीत खरे ठरल्याचा दाखला दप्तरी लागतो. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने उपचार आखडते घेण्याचा निर्णय रुग्णालयातील निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबणीवर टाकावा, असे सुचविले आहे.

आणि पहिले चित्र हे अखेरचेही नव्हे. सिनसिनाटीतील 1997 च्या अभ्यासात पहिल्या स्कॅननंतर तासाभरातच 26 टक्के रोग्यांतील रक्ताची गाठ तृतीयांशाहून अधिक वाढलेली आढळली. या वाढीला लगाम घालणे हेच पहिल्या तासांचे काम. भारतासह दहा देशांतील 7,036 रोग्यांवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वरचा रक्तदाब तासाभरात 140 च्या खाली आणणे आणि त्याच जोडीने साखर, ताप व रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम काबूत ठेवणे, एवढ्याने सहा महिन्यांनंतरची अवस्था सुधारलेली दिसली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने तर भारतीय केंद्रांतील तीन लाखांहून अधिक स्कॅन अभ्यासून रक्तस्राव ओळखणारी संगणकप्रणाली सिद्ध केली, तिचा वृत्तांत 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. जेथे क्ष-किरणतज्ज्ञ रात्री हजर नसतो, तेथे अशा साहाय्याचे मोल मोठे.

तेव्हा चित्रातील आकड्याचा उपयोग रोग्यावर फैसला सुनावण्याकडे नव्हे, तर त्याला कोठे, किती त्वरेने हलवावे आणि स्कॅन पुन्हा केव्हा काढावा, हे ठरविण्याकडे व्हावा. जालन्याहून सुमारे 60 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरास रोगी न्यावयाचा झाल्यास नातलगांनी पहिल्या स्कॅनची फिल्म वा सीडी बरोबर घ्यावी आणि झटका केव्हा आला व स्कॅन केव्हा निघाला, या दोन्ही वेळा कागदावर लिहून द्याव्यात. कारण गाठ वाढते आहे की थांबली, हे पुढच्या डॉक्टरांना त्याशिवाय सांगता येत नाही.