विमा : योग कीं क्षेम ?

मे महिना सरत आला कीं आपल्या घरोघरीं पावसाळ्यापूर्वीची लगबग सुरू होते. वर्षाचें धान्य ऊन देऊन भरलें जातें, लोणच्याच्या बरण्या बांधल्या जातात, गच्चीचीं गळकीं ठिकाणें पाहिलीं जातात. याच दिवसांत आणखी एक बेगमी करावयाची असते. पण ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळें तिची आठवण बहुधा कोणासच राहात नाहीं. पंतप्रधान जीवनज्योति व सुरक्षा या दोन विमा योजनांचें वर्ष ३१ मे रोजीं संपतें आणि १ जूनला नवें लागतें. पहिलीचे ४३६ व दुसरीचे २० रुपये बँकेच्या खात्यांतून आपोआप वळते होतात. मात्र खात्यांत तेवढी शिल्लक असेल तरच. या निमित्तानें घरांतील सर्व विमापत्रें समोर मांडून एकदां नीट वाचावीं, अशी वाचक-भगिनींस व बंधूंस विनंती आहे.

आयुर्विमा महामंडळानें आपलें बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतून घेतलें आहे आणि त्यांत ‘योगक्षेम’ हा शब्द आहे. भाष्यकारांनीं त्याची फोड अशी केली आहे : जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेल्याचें रक्षण करणें हा क्षेम. विमा घेतांना आपली दृष्टि योगाकडे असते. ‘वीस वर्षांनीं किती परत मिळतील ?’ हाच आपला पहिला प्रश्न. वस्तुतः विमा हें क्षेमाचें साधन आहे. पैसा वाढविण्याचे मार्ग दुसरे पुष्कळ आहेत. परंतु कर्त्या माणसाच्या पश्चात् घर उभें ठेवण्यास सामान्य पगारदारापाशीं विम्यावांचून दुसरा आधार क्वचितच असतो.

हा आधार आपल्या लोकांस सहज मिळालेला नाहीं. हिंदी माणसाच्या आयुष्याचा विमा उतरावयाचा तर परदेशी कंपन्या जादा हप्ता घेत. १८७० सालीं निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनें तो सर्वसाधारण दरानें उतरविण्यास आरंभ केला. १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. १ सप्टेंबर १९५६ रोजीं अशा २४५ संस्था एकत्र होऊन आजचें महामंडळ झालें. आतां त्याच्या जोडीस खासगी कंपन्याही पुष्कळ आल्या आहेत, आणि निवड करणें पूर्वीपेक्षां कठीण झालें आहे.

आमच्या नगरांतील — आतां अहिल्यानगर म्हणावयाचें — एका परिचित कुटुंबाची गोष्ट सांगतों. गृहस्थ चाळिशींतच निवर्तले. घरांत चार पॉलिसी होत्या. चारही पैसे परत मिळणाऱ्या. वर्षाला साठ हजारांचा हप्ता जात असे. पण चारींची मिळून रक्कम सहा-सात लाखांवर गेली नाहीं, आणि ती घराच्या कर्जांतच संपली. बँकेच्या खात्यांत मेअखेर शिल्लक नव्हती, म्हणून जीवनज्योतीचे दोन लाखही हुकले. त्या हप्त्याच्या थोड्या भागांत निव्वळ मुदतीचा विमा याच्या कित्येक पट मिळाला असता. मुदतीच्या विम्यांत माणूस जगल्यास कांहीं परत मिळत नाहीं, म्हणून लोक त्यास ‘फुकट’ समजतात. पण ज्या पावसाळ्यांत गच्ची गळली नाहीं, त्या वर्षीं डागडुजीचे पैसे फुकट गेले असें कोणी म्हणत नाहीं.

किती रकमेचा विमा असावा, याचा हिशेब घरींच करतां येतो. घरखर्च महिना चाळीस हजार असेल तर वर्षाचे चार लाख ऐंशी हजार, दहा वर्षांचे अठ्ठेचाळीस लाख. त्यांत बारा लाखांचें कर्ज मिळविलें कीं साठ लाख होतात. जीवनज्योतीचे दोन लाख अशा घरास पांच महिने पुरतील. म्हणून ती योजना अवश्य घ्यावी, पण तीवर विसंबूं नये. तींत १८ ते ५० वर्षांच्या माणसास प्रवेश मिळतो व संरक्षण ५५ पर्यंत चालतें. नव्यानें शिरणारास पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूची भरपाई नसते, हेंही ध्यानांत असावें.

आजारपणाचा विचार वेगळा करावा लागतो. हृदयाच्या किंवा मेंदूच्या दुखण्यासाठीं येथून पुण्यास धांवावें लागलें कीं वर्षानुवर्षांची शिल्लक आठवड्यांत संपते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यांतील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांस खुली झाली असून तींत कुटुंबास वर्षाला पांच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी गांठलेल्या वृद्धांस त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान योजनेचें पांच लाखांचें कार्ड मिळूं लागलें आहे. घरांतील आजी-आजोबांचें हें कार्ड काढलें आहे काय, तें पाहावें. या योजना ठराविक रुग्णालयांत व ठराविक उपचारांसच लागू असतात; म्हणून ऐपत असल्यास स्वतंत्र आरोग्यविमाही ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांच्या हप्त्यावरील वस्तु व सेवा कर शून्य झाला आहे.

आरोग्यविमा घेतांना हप्ता पाहण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : खोलीच्या भाड्यास मर्यादा आहे काय, बिलाचा कांहीं हिस्सा आपण सोसावयाचा आहे काय, आणि पूर्वीच्या आजारांस किती काळ थांबावें लागतें. ही शेवटली मुदत आतां तीन वर्षांहून अधिक ठेवतां येत नाहीं. पॉलिसी हातीं आल्यावर ती न पटल्यास तीस दिवसांत परत करतां येते. तेवढ्या अवधींत ती वाचून काढावी.

अर्ज भरतांना मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकीं कांहींही लपवूं नये. ‘हें लिहूं नका’ असें सांगणारा एजंट भरपाईच्या वेळीं जवळ नसतो. आयुर्विम्यांत तीन वर्षांनंतर कंपनीस पॉलिसीवर हरकत घेतां येत नाहीं. परंतु मृत्यु तीन वर्षें थांबेलच असा करार कोणीं केला आहे? भरपाई नाकारली गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरांत समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावें. तेथें शुल्क पडत नाहीं.

विवाहित पुरुषानें आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालीं पत्नीच्या वा मुलांच्या नांवें काढलेल्या विम्याची रक्कम पतीच्या सावकारांपासून सुरक्षित राहते. मात्र ही इच्छा पॉलिसी घेतांनाच नोंदवावी लागते.

शेवटीं, एका वहींत सर्व पॉलिसींचे क्रमांक, हप्त्याच्या तारखा, वारसाचें नांव आणि कागद कोठें ठेवले आहेत हें लिहावें. लग्नापूर्वीं काढलेल्या पॉलिसीवर अजून दिवंगत वडिलांचेंच नांव असेल, तर तें याच आठवड्यांत बदलून घ्यावें. आणि ती वही कपाटांत बंद न ठेवतां पत्नीस व मोठ्या मुलांस वाचून दाखवावी. कारण ज्या दिवशीं तिचें काम पडेल, त्या दिवशीं ती उघडणारे हात त्यांचेच असणार.