कार्यशाळा ओळखणारी रेल्वेगाडी

पोलंडच्या लोअर सिलेशिया प्रांतात नेवाग कंपनीने बनवलेल्या ‘इम्पुल्स’ गाड्या धावतात. त्यांच्या मोठ्या देखभालीचं काम निविदेतून एसपीएस या स्वतंत्र कार्यशाळेला मिळालं. २०२२ मध्ये तिथल्या कामगारांनी गाडी उघडली, भाग तपासले, नियमपुस्तिकेप्रमाणे पुन्हा जोडले. संगणक सगळं ठीक असल्याचं सांगत होता, पण गाडी जागची हलेना.

अखेर ‘ड्रॅगन सेक्टर’ गटातल्या संगणकतज्ज्ञांना बोलावलं गेलं. गाडीच्या नियंत्रण-संगणकातला प्रोग्रॅम त्यांनी उलगडला, तेव्हा त्यांना त्यात स्वतंत्र कार्यशाळांचे अक्षांश-रेखांश सापडले! जीपीएसनुसार गाडी अशा जागी किमान दहा दिवस उभी राहिली, की ती चालूच होऊ नये अशी तजवीज होती. काही गाड्यांना दहा लाख किलोमीटरनंतर कुलूप लागणार होतं. एकीत तर ठरावीक तारखेनंतर कॉम्प्रेसर बिघडल्याचा खोटा संदेश यायचा. आणि हे कुलूप उघडायला सुटा भाग लागत नव्हता. काही गाड्यांत चालकाच्या केबिनमधली बटणं विशिष्ट क्रमाने दाबली की पुरे. मला सर्वांत संतापजनक वाटतं ते हेच. लोकांच्या पैशातून घेतलेली गाडी कोणी दुरुस्त करायची, हे विकणाऱ्याने गुपचूप ठरवावं?

डिसेंबर २०२३ मध्ये तज्ज्ञांनी हॅम्बुर्गच्या परिषदेत हा तपास जाहीरपणे मांडला. नेवागने आरोप फेटाळले आणि त्यांच्यावरच न्यायालयात दावा लावला.